एकोणनव्वदचे सर

मी काजं करते. शाळेच्या गणवेशांचा कारखाना आहे आमचा, एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर. खाली पुठ्ठ्यांचे गठ्ठे, वर आम्ही सव्वीस बायका आणि तेवढ्याच मशिनी. शर्ट माझ्याकडे येतो तोवर त्याला बाह्या, कॉलर, खिसा सगळं लागलेलं असतं, फक्त तो मिटत नाही. मुलांच्या शर्टाला काज डावीकडे आणि बटण उजवीकडे. मी डावी बाजू मशिनीखाली सरकवते, सहा वेळा पाय दाबते आणि शर्ट पुढे ढकलते. पुढे बटणंवाली बसायची. तिची नजर अधू झाली तशी ती काम सोडून गेली आणि तिची खुर्ची रिकामी पडली. मालक रोज आधी त्या खुर्चीकडे बघायचा आणि मग माझ्याकडे.

"तुझी पोरगी नववीत नापास झाली ना? आण की तिला. शिकून कुणाचं भलं झालंय?"

मालक स्वतः चांगला शिकलेला होता. अशी वाक्यं शिकलेली माणसंच बोलतात.

मला आयुष्यात फार काही नको होतं. नवरा गेला तेव्हाच मी मागण्यांची यादी फाडून टाकली होती. एकच गोष्ट ठेवली होती, की आमच्या बारकीने त्या खुर्चीवर बसू नये. बाकी तिने काहीही करावं. आणि ती नापास झाली होती फक्त गणितात. मोठ्या बाईंनी, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकेने, मला बोलावून सांगितलं होतं, "वर्गात परत बसवतो. पण या वर्षीही गणित राहिलं, तर दाखला घेऊन जायचा."

तेव्हापासून मी शिकवणीवाला शोधत होते. एका क्लासात गेले, तर तिथल्या माणसाने आधी मार्क विचारले आणि मग मान हलवली. ते म्हणे हुशार मुलंच घेतात. म्हणजे ज्याला ताप नाही त्यालाच गोळी देणारा डॉक्टर. कॉलेजातला एक मुलगा घरी यायला लागला. तो बारकीला गणित घालायचा आणि स्वतः मोबाइल बघत हसायचा. तिसऱ्या दिवशी मीच त्याला जिना दाखवला. एक बाई चांगल्या होत्या, पण त्यांच्या घरी जायला दोन बस बदलाव्या लागत आणि परतताना अंधार व्हायचा.

शेवटी वह्या-पुस्तकांच्या दुकानदाराने मार्ग काढला. त्याच्याकडे सगळ्या मास्तरांचे नंबर असतात, कारण मास्तर त्याच्याकडेच गाइडं सुचवतात आणि तो त्यांच्याकडे मुलं पाठवतो. एक हात दुसऱ्याला धुतो. तो म्हणाला, "एक सर आहेत, गणितात एकदम पक्के. घ्या नंबर." आणि गिऱ्हाइकाला पट्टी देता देता त्याने नंबर सांगितला, दोन-दोन आकड्यांच्या जोड्या करून. माझ्या पिशवीत शर्टाच्या घडीत घालायचा पुठ्ठा होता, त्याच्यावर मी लिहून घेतला. शेवटची जोडी त्याने सांगितली एकोणऐंशी. मी ऐकलं ऐंशी, हाताने आठ काढला, आणि एकोण म्हणजे शेवटी नऊ असतो म्हणून पुढे नऊ लिहिला. एकोणऐंशीचे एकोणनव्वद झाले. मी सातवीपर्यंत शिकले आहे आणि या एकोणांनी मला तेव्हाही छळलं होतं. ऐंशीला एक कमी, तर तोंडात ऐंशी कशाला आणायचं? पण ज्यांनी आकड्यांना नावं ठेवली त्यांनी मला कुठे विचारलं होतं?

दुपारच्या सुट्टीत जिन्यात बसून मी फोन लावला. "सर आहेत का?" म्हणून विचारलं.

पलीकडे इतका वेळ कुणी बोललं नाही, की मला वाटलं फोन कट झाला. मग एक म्हातारा आवाज आला, "कितवीचं मूल आहे?"

"मुलगी आहे. नववी. गणित."

"येतो," तो आवाज म्हणाला. "घर कुठे ते सांगा."

असे सर आमच्या घरी आले. बारीक, उंच, मानेत थोडे वाकलेले, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. शर्ट धुऊन धुऊन विरला होता, पण काजांची शिवण शाबूत होती. माझं लक्ष आधी तिथेच जातं. मी खुर्ची पुढे केली, तर ते म्हणाले, "मला स्टूल चालेल." आणि मोरीजवळचं स्टूल उचलून ते दाराशी बसले, पाठ चौकटीला टेकवून. बारकीला त्यांनी आत, भिंतीकडे बसवलं. फीचं विचारलं तर म्हणाले, "पास होऊ दे, मग बघू." मला वाटलं, आहे एखादा विक्षिप्त देवमाणूस. मास्तर लोक विक्षिप्त असायचेच.

त्यांची शिकवायची तऱ्हा मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. आल्यावर ते एक कोरं पान उभं दुमडायचे, नखाने घडी पक्की करायचे आणि पुन्हा उघडायचे. मग घडीच्या डाव्या बाजूला गणित लिहायचे, पण फक्त डाव्या बाजूला. ओळ घडीपाशी आली की पेन्सिल उचलायचे, खालची ओळ सुरू करायचे. ती घडीपाशी आली की पुन्हा थांबायचे. सगळं गणित असं अर्धं उतरायचं आणि मग पान बारकीकडे सरकवून म्हणायचे, "पलीकडे काय असेल?"

बारकी पहिल्या दिवशी रडायलाच आली. "आई, हे पूर्ण सांगतच नाहीत."

"पूर्ण सांगून तू गेल्या वर्षी काय दिवे लावलेस?" मी म्हणाले.

तिने चुकीचं लिहिलं तर ते रागवायचे नाहीत, बरोबर की चूक तेही लगेच सांगायचे नाहीत. "परत बघ," एवढंच. एकदा बेरजेतला हातचा धरायचा ती विसरली, तर अर्धा तास "परत बघ" चाललं होतं. शेवटी तिलाच तो सापडला, तेव्हा मला स्टोव्हपाशी कळलं, कारण ती हसली. गणितात हसताना मी तिला तोवर पाहिलं नव्हतं. सर म्हणाले, "हातचा दिसत नाही, म्हणून माणूस त्याला सोडून देतो. सगळं उत्तर त्याच्यावर उभं असतं."

आणखी दोन गोष्टी मी पाहिल्या होत्या आणि पाहून सोडून दिल्या होत्या. एक म्हणजे कुणीही घरात आलं की सर स्टुलावरून उठून उभे राहायचे, अगदी शेजारची वहिनी वाटी परत करायला आली तरी. दुसरी म्हणजे त्यांच्या हातात घड्याळ नव्हतं आणि आमच्या भिंतीवरचं बंद होतं, तरी बरोबर चाळीस मिनिटं झाली की ते मान वर करून म्हणायचे, "झाला तास." मी एकदा मोबाइलवर लावून पाहिलं. एका मिनिटाचाही फरक नव्हता.

बारकी त्यांना पाठीमागे अर्धे सर म्हणायची. सहामाहीला ती गणितात पास झाली. काठावरच, पण पास. त्या दिवशी मी कारखान्यात त्या रिकाम्या खुर्चीवर माझी पिशवी ठेवली आणि मालकाला म्हणाले, "इथे दुसरं कुणी बघा."

सरांना सांगितलं. मार्कांचा कागद त्यांनी हातात घेतला, दाराकडे वळून उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिले. मग परत देताना म्हणाले, "तिसरा प्रश्न कुठे चुकला ते बघायला पाहिजे."

वार्षिक परीक्षेला दीड महिना राहिला होता. शेजारच्या वहिनीचा भाऊ तिच्याकडे आला होता, चांगला तिशीचा, नोकरीवाला. संध्याकाळी तो जिना उतरत होता आणि सर चढत होते. मी दारातच होते. तो थबकला आणि आनंदाने ओरडला, "अरे, घंटेवाले काका! ओळखलंत का? मी दहावी ब. तुम्ही मला उशीर झाला की मागच्या फाटकातून सोडायचे."

सर जिन्यात उभे राहिले. एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. मग म्हणाले, "हो हो. बरा आहेस ना?" आणि माझ्याकडे न बघता आत येऊन स्टुलावर बसले. त्या दिवशी ते चाळीस मिनिटांच्या आधी उठले.

ते गेल्यावर मी वहिनीकडे गेले. भाऊ म्हणाला, त्यांच्या शाळेत काका शिपाई होते. घंटा द्यायची, फळे पुसायचे, नोटिशी फिरवायच्या. फार चांगला माणूस. "तुमच्याकडे कसे काय?"

"शिकवायला येतात," मी म्हणाले.

तो हसला. वहिनीही हसली. वहिनीचं हसणं मला जास्त झोंबलं, कारण मी तिला सहा महिने सांगत होते, आमचे सर गणितात एकदम पक्के आहेत.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर मी दुकानदाराला जाऊन धरलं. कसला माणूस गळ्यात बांधलात म्हणून. तो उलट माझ्यावरच चिडला. "सर तर मला विचारत होते, त्या बाईंचा फोनच आला नाही." त्याने वही काढली, मी पुठ्ठा काढला. दोन्ही शेजारी ठेवले. सगळे आकडे तेच, फक्त त्याच्याकडे शेवटी सात आणि नऊ, माझ्याकडे आठ आणि नऊ. "एकोणऐंशी म्हणालो होतो मी, बाई," तो म्हणाला. "हे तर एकोणनव्वद."

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सहामाहीला ती तुक्क्याने पास झाली असेल. वार्षिकला हा माणूस तिला बुडवणार. दाखला, खुर्ची, मालकाचं तोंड, सगळं दिसायला लागलं. मला तेव्हा राग आला होता असं मी लोकांना सांगते. राग नव्हता, भीती होती. पण भीती दाखवायची सवय नसलेली माणसं ओरडतात.

सर आले तेव्हा बारकी पान दुमडून बसली होती. त्यांनी बसून डावी बाजू लिहून दिली, ती उजवीकडे सुरुवात करणार होती. मी तिच्यासमोरच विचारलं. तिला बाहेर पाठवायला हवं होतं. नाही पाठवलं.

"तुम्ही मास्तर नाही?"

ते उठून उभे राहिले. "नाही, बाई."

"शिक्षण किती?"

"सातवी."

माझ्याएवढंच. "मग नववीचं गणित कुठून शिकलात?"

त्यांनी शांतपणे सांगितलं. चोरी पकडल्यावर माणूस सांगतो तसं नाही, रस्ता विचारल्यावर सांगतो तसं. त्यांचं स्टूल तीस वर्षं नववीच्या वर्गाच्या दाराबाहेर होतं. दार अर्धं उघडं असायचं. तिथून फळ्याची डावी बाजू दिसायची, उजवी दाराआड. "अर्धं गणित दिसायचं. अर्धं घरी जाऊन करायचो. दुसऱ्या दिवशी फळा पुसायला मीच जायचो, तेव्हा पुसायच्या आधी बघून घ्यायचो, जुळलं का. एखाद्या दिवशी मास्तर स्वतःच पुसून जायचे. ती गणितं राहून गेली. त्यांची उत्तरं मला अजून माहीत नाहीत."

"आणि फोनवर येतो कशाला म्हणालात?"

पहिल्यांदाच ते अडखळले. "तुम्ही म्हणालात, सर आहेत का. मला कुणी कधी... नाही म्हणायलाच तोंड उघडलं होतं, बाई. कितवी असं बाहेर पडलं."

आज हे लिहिताना मला तो माणूस तिथे उभा दिसतो आणि स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. तेव्हा मात्र मला फक्त वहिनीचं हसणं ऐकू येत होतं. मी म्हणाले, "तुम्ही आम्हाला फसवलंत. माझ्या पोरीचं वर्ष आहे हे. फोन चुकीचा लागलाय, एवढं सांगायला काय झालं होतं? चार शब्द आहेत. तेवढे सांगायचे होते."

ज्या माणसाने सहा महिन्यांत पै घेतली नव्हती, त्याला मी फसवलंत म्हणाले.

"खरं आहे," ते म्हणाले. "तेवढं सांगायला पाहिजे होतं." मग बारकीच्या हातातल्या पानाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "एवढं एक अर्धं राहिलंय. बघून जाऊ का?"

"नको," मी म्हणाले.

त्यांनी स्टूल उचलून मोरीजवळ होतं तिथे ठेवलं आणि गेले. बारकीने खाली मान घालून उजवी बाजू पूर्ण केली आणि पान माझ्यासमोर धरलं. "बरोबर आहे का सांग."

मला काय कळणार होतं?

मग एकोणऐंशीचे सर आले. खरे, पदवीवाले. वाईट नव्हते, उगीच कशाला बोलू. त्यांनी बारकीच्या वह्या चाळल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे अर्धं अर्धं काय आहे? आता समजून घ्यायला वेळ नाही. मी देतो तेवढी गणितं पाठ कर, त्यातलीच येतात." ते भराभर पूर्ण गणितं लिहून द्यायचे, बारकी उतरवून घ्यायची. आमच्या घरात पुन्हा कुणी हसलं नाही. एकदा तिने सवयीने पान दुमडलं, तर ते म्हणाले, "परीक्षेत पानाला घडी घातलीस तर मार्क कापतील." खरंच कापतात का, मला माहीत नाही. तिने पुन्हा घडी घातली नाही.

तीन मार्क कमी पडले.

मोठ्या बाईंनी उत्तरपत्रिका दाखवली. पाठ केलेली गणितं अर्ध्यावर तुटली होती. एक पायरी विसरली की पुढचं सगळं गेलं. दोन गणितं पूर्ण आणि बरोबर होती. बारकीने बाहेर आल्यावर सांगितलं, ती दोन तिने मनात घडी घालून केली होती. मग वेळ संपला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे मी तिला लहानपणी कितीदा ऐकवलं असेल. आणि घडीभरात मीच हातचं सोडून बसले होते.

मोठ्या बाईंना दया आली असावी. त्या म्हणाल्या, "पाच आठवड्यांनी फेरपरीक्षा घेते. शेवटची."

पाच आठवडे पुष्कळ होते. मला माहीत होतं कुणाला बोलवायचं. बारकीलाही माहीत होतं, पण ती तोंडाने म्हणत नव्हती. सर कुठे राहतात ते आम्ही कधी विचारलं नव्हतं. त्यांनी आमचं घर विचारलं होतं, आम्ही त्यांचं नाही. वहिनीच्या भावालाही ठाऊक नव्हतं. होता तो फक्त पुठ्ठा. दुपारच्या सुट्टीत मी त्याच पायरीवर बसले आणि फोन लावला. पाय धरायचे, असं ठरवलं होतं. फोनवर पाय कसे धरतात ते माहीत नव्हतं, पण काहीतरी बोलले असते.

फोन उचलला गेला.

"सर आहेत का?" मी विचारलं.

पलीकडे शांतता. तीच, पहिल्या दिवसाची. श्वास ऐकू येत होता.

"सर, मी बारकीची आई."

खाली गोदामात कुणीतरी गठ्ठा आपटला. मग तो आवाज आला. रागाचा नव्हता. "परत बघ" म्हणायचे तसाच होता.

"फोन चुकीचा लागलाय, बाई."

आणि त्यांनी ठेवला.

मी पुन्हा दोनदा लावला. वाजत राहिला. मग मी पुठ्ठा मांडीवर घेऊन एकेक आकडा मोबाइलवरच्या आकड्याशी जुळवून पाहिला. आठ, नऊ. चूक कुठेच नव्हती.

घरी आल्यावर बारकीने विचारलं, "काय म्हणाले?"

"लागला नाही," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. पाच आठवडे ती एकटी बसायची. पान दुमडायची, पुस्तकातलं गणित डावीकडे अर्धं लिहायची आणि उजव्या बाजूकडे बघत राहायची. पण ज्याने डावी बाजू लिहिली त्यालाच उजवी विचारून काय उपयोग? परत बघ म्हणायला कुणी नव्हतं. फेरपरीक्षेत तिला पहिल्यापेक्षाही जास्त मार्क कमी पडले. मी दाखला घेऊन आले.

त्या खुर्चीवरची माझी पिशवी मी स्वतःच्या हाताने काढली. आता दोन वर्षं होत आली. शर्ट आधी माझ्याकडे येतो. मी डावी बाजू सरकवते, सहा वेळा पाय दाबते आणि पुढे ढकलते. बारकी उजवी बाजू घेते. मालक येता-जाता कौतुक करतो, पोरीचा हात चांगला बसलाय, एक बटण इकडचं तिकडे होत नाही.